चपला घालून आत या

रत्नागिरीत कुठल्याही दारात गेलं तरी चपला बाहेर काढायच्या, हे कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. देऊळ असो, डॉक्टर असो, नाहीतर माझं ब्लाउज शिवायचं दुकान असो, लोक आधी पायरीशी चपला सोडतात आणि मग आत डोकावतात. सगळ्या शहरात चपला काढल्या म्हणून ओरडा बसणारं एकच दार मला माहीत आहे. ते इस्पितळातल्या त्वचारोग विभागाच्या मलमपट्टीच्या खोलीचं. बाहेर कुणी वाकून पट्ट्याला हात घातला रे घातला की आतून आवाज यायचा, "चपला घालून आत या! हे काय देऊळ नाही."

आवाज सिस्टरांचा. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण ते फक्त त्यांच्या छातीवरच्या पट्टीला ठाऊक. येणारे जाणारे सगळे सिस्टर म्हणायचे, आणि गावाकडची माणसं सिष्टर. मूळच्या मंडणगडकडच्या. अंगाने किरकोळ, चालणं भरभर आणि नजर कायम खाली. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटे, बाई फार लाजाळू दिसते. लाजबीज काही नाही, त्या पाय बघत असायच्या. बाजारात गेल्या तर आधी मासेवालीचे पाय बघणार, मग सुरमई. एका लग्नात नवऱ्या मुलाचे पाय धुणं चाललं होतं, तर ह्या पुढे वाकल्या आणि मुलीच्या मामाला म्हणाल्या, "अंगठ्याचं नख दाखवून घ्या हो, बुरशी आहे." लग्न व्यवस्थित लागलं, पण पूजा आटोपताच नवरामुलगा त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर हजर. मी त्यांच्यासमोर बसताना पाय साडीत ओढून घ्यायची. त्या म्हणायच्या, "लपवू नको गो, भेगा मघाशीच बघितल्या."

चपलांच्या ओरड्याला मात्र कारण होतं. त्यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी माणसांच्या तळपायांना काही कळायचंच नाही. कुणाची साखर जुनी, कुणी पूर्वी कुष्ठरोग होऊन औषधाने बरा झालेला. रोग गेला, पण पायाची जाणीव काही परत आली नाही. अशा पायात काटा मोडला, ठिणगी पडली, तरी मालकाला पत्ता नाही. आणि हीच माणसं रीत म्हणून सगळीकडे अनवाणी फिरायची. सिस्टरांचा जीव तिथे कासावीस व्हायचा, मग आवाज चढायचा.

माझे बाबा त्या माणसांपैकीच एक. मुंबईला छापखान्यात नोकरी करून ते आईसह गावी परतले होते. आमचं गाव लांज्याच्या वाटेवर, रस्त्यापासून बरंच आत. साखर त्यांनी मुंबईहूनच आणलेली. त्या वर्षी पावसात त्यांच्या गमबुटात चिऱ्याची एक कपची गेली आणि लावणीच्या चिखलात ती पायाखाली घेऊन बाबा दिवसभर वावरले. त्यांना कळलंच नाही. मी त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन रत्नागिरीत. दिवाळीला माहेरी गेले, तर आईने पुसलेल्या लादीवर एकाच पायाचे लाल ठसे. बाबा मागीलदारी सुपारींना पाणी लावत होते, अगदी खुशीत. मी त्यांचा पाय उचलून बघितला. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला भोक पडलं होतं आणि भोवतीची कातडी जळल्यासारखी काळी झाली होती.

"दुखत नाय गो बाय," बाबा म्हणाले. "दुखत नाय म्हणजे काय नाय."

दुखत नव्हतं हेच तर दुखणं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी त्या दारात उभी राहिले, बाबांनी चपला काढल्या आणि आम्ही पहिला ओरडा खाल्ला.

सिस्टरांचा पहिला प्रश्न सगळ्यांना एकच असायचा, आणि तो "काय झालं?" हा नव्हता. "काय लावलंत?" असं त्या विचारायच्या. उत्तरही सगळ्यांचं एकच, "काय नाय." मग त्या वाकून वास घ्यायच्या. हळद, मशेरी, चहाची पावडर, टूथपेस्ट, गाडीचं ऑइल, सगळं त्या नाकाखालून गेलेलं. बाबांच्या तळव्याशी त्यांनी नाक नेलं आणि मान वर केली.

"बिब्बा."

बाबा भिंतीकडे बघू लागले.

"कुणी सांगितला?"

हा त्यांचा दुसरा प्रश्न. उपाय सांगणाऱ्याला त्या कधी नावं ठेवत नसत, बोलावून घेत. "पुढल्या खेपेला त्यांना घेऊन या. उपाय सांगतात म्हणजे काळजी आहे त्यांना तुमची. आता पट्टीपण त्यांनीच बांधायची."

बिब्बा सांगितला होता गुरवकाकांनी. गुरवकाका म्हणजे आमच्या ग्रामदेवीचे पुजारी आणि बाबांचे लंगोटीयार. पुढल्या खेपेला ते खरंच आले, इस्त्रीचा सदरा घालून, आणि बाकाच्या अगदी टोकाला बसले. आता आपली बिनपाण्याने हजामत होणार, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. सिस्टरांनी त्यांना साबणाने हात धुवायला लावले, ते मनासारखे धुतले नाहीत म्हणून परत लावले. मग मीठ घालून उकळलेलं, निववलेलं पाणी जखमेवर कसं सोडायचं ते दाखवलं. गुरवकाकांचा हात थरथरत होता.

"देवीला रोज आंघोळ घालता ना?" सिस्टरांनी विचारलं. "घासता का तिला?"

"छे छे! घासणार कशी? नुसती धार सोडायची, हलक्या हाताने."

"मग तसंच. हलक्या हाताने."

गुरवकाकांचा हात तिथेच स्थिर झाला. त्या दिवसापासून बाबांच्या पट्टीवर त्यांनी आपला हक्क सांगितला तो कायमचा. आई म्हणायची, देवीच्या पूजेला उशीर होईल, पण ह्यांच्या पायाला व्हायचा नाही. सिस्टर स्वतः बौद्ध. त्यांच्या घरात देव्हारा नाही, नवस नाही, उपास नाही. पण समोरच्याच्या घरात काय आहे ते विचारून घेतल्याशिवाय त्या कुणाला काही शिकवत नसत. 

शिकवण्याची त्यांची तऱ्हा सगळीच निराळी. पट्टी सोडताना त्या माणसाशी नाही, जखमेशी बोलायच्या. "काय गो, कशी आहेस? आज तोंड का उतरलंय? छेडलं कुणी तुला?" त्यांच्या लेखी जखम म्हणजे माहेरवाशीण. दमून आली आहे, तिला पांघरूण घाला, चांगलंचुंगलं खाऊ घाला, सारखी उठवू नका आणि आल्यागेल्याला दाखवत बसू नका. शेवटचं खास आमच्या बाबांसाठी होतं. कारण समाचाराला माणसं आली की बाबा मोठ्या कौतुकाने पट्टी सोडून पाय पुढे करायचे. "बघायला येणाऱ्यांना चहा द्या," सिस्टर म्हणाल्या, "जखम नको." आणि वारा लागला की जखम सुकते म्हणून ती उघडी टाकून उन्हात बसणाऱ्या माणसांचा तर त्यांना भयंकर राग. "सुकवायला ती काय आंबोशी आहे?" 

डॉक्टरांनी बाबांना मऊ रबराच्या खास चपला दिल्या होत्या आणि त्या घरातही घालायला सांगितल्या होत्या. बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन त्या पायरीशी काढून ठेवल्या. घरात चपला, ते पण देव्हाऱ्यासमोरून, हे आईला काही केल्या पटेना. सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, आता आईची हजेरी घेतील. त्यांनी फक्त विचारलं, "नवीन वस्तू घरात आणली की तुझी आई काय करते?" मी म्हटलं, "हळदकुंकू लावते." "मग लावू दे की."

आईने चपलांचा नवा जोड पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, आणि त्या चपला घरच्या झाल्या. त्यांचा पट्टा बाबांना घासायचा, तर सिस्टरांनी मला मऊ अस्तर शिवायला लावलं. पुढे त्यांच्या कितीतरी पेशंटांची अस्तरं माझ्या मशीनखालून गेली. ब्लाउज बिघडला तर बाई चार शब्द सुनावते, इथे शिवण आत टोचली तर कुणाचा पाय जाईल, ह्या भीतीने मी इतकी नीट शिवण आयुष्यात घातली नव्हती.

खोलीबाहेरच्या बाकाचाही एक कायदा होता. आपली पट्टी झाली म्हणून उठून घरी जायचं नाही. जे समजलं ते बाकावरच्या पुढच्या माणसाला शिकवायचं, त्याला कळलं की सुट्टी. दारातून सिस्टर कान देऊन असायच्या. बाबांना पहिल्यांदा शिकवलं ते नाटे गावच्या एका मावशीने. कोळंबी सोलून सोलून त्यांच्या बोटांची कातडी गेली होती, पण बाकावर बसून पायांचे धडेही पाठ झाले होते. त्यांचा आवाज होडीवरून किनाऱ्याला ऐकू जाईल असा.

"चप्पल घालायच्या आधी आत हात घालायचा! काय?"

"हात घालायचा," बाबा पुटपुटले.

"खडा, खिळा, पाल, काय असेल ता भायर! रात्री निजताना आरशात तळवा बघायचा! काय?"

"तोंड बघत नाय मी आरशात, तळवा कुठला."

"तोंडाक काय बघायचंय आता? तळवा बघा!"

सगळा बाक हसला आणि बाबाही हसले. नंतर शिकवायची पाळी त्यांच्यावर आली. आयुष्यभर कुणाला दोन शब्द सलग न ऐकवलेला हा माणूस, एका तरण्या रिक्षावाल्याला तळव्याबद्दल सांगता सांगता इतका रंगला की आमची एसटी चुकली.

आणि मग तो निरोपाचा प्रकार. आपल्याकडे निघताना कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतात. "जातो" म्हटलं की म्हातारी माणसं दचकतात. सिस्टरांकडे पट्टी चालू असेपर्यंत "येतो" म्हणायला हरकत नव्हती, कारण खरंच यायचं असे. पण जखम भरून आली त्या दिवशी दारात उभं राहून स्पष्ट "जातो" म्हणावं लागे, त्याशिवाय सुट्टी नाही. हर्ण्याची एक म्हातारी पाय पूर्ण बरा होऊनही दारात अडून बसलेली मी पाहिली आहे. "अगो, जाते कशी म्हणू? यमाने ऐकलं म्हणजे?" सिस्टर म्हणाल्या, "त्याला काय तेवढाच धंदा आहे? म्हणा तुम्ही." म्हातारीने तोंडावर पदर घेऊन एकदाचं म्हटलं आणि तरातरा चालू लागली. मग सिस्टर मागून ओरडल्या, माणसाला नाही, त्या जखमेला, "परत येऊ नको गो!"

बाबांना त्या दिवसाची धास्तीही होती आणि ओढही. थंडी संपता संपता जखम हरभऱ्याएवढी उरली. सिस्टर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा तळव्यावर धरून तिची कड पेनाने आखून घ्यायच्या. साडीच्या पिशव्यांचं प्लॅस्टिक मीच दुकानातून नेऊन द्यायची. पहिल्या तुकड्यावर रुपयापेक्षा मोठं वेडंवाकडं वर्तुळ होतं, आता ठिपका. सगळं छान चाललं होतं आणि शिमगा आला.

आमच्या गावात शिमग्याला देवीची पालखी देवळातून बाहेर पडते तेव्हा पहिला खांदा आमच्या घराचा. ढोल वाजू लागले की मानकऱ्याने अनवाणी पालखी खांद्यावर घ्यायची, ती देवळाच्या अंगणात नाचवायची, मग तशीच कातळावरून सहाणेवर, म्हणजे पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, न्यायची. फाल्गुनातल्या दुपारी तो कातळ तव्यासारखा तापतो. बाबांचा मुलगा म्हणजे मी, आणि मुलीचा खांदा चालत नाही. बाबांनी सोडला तर मान चुलतघराकडे जाणार, आणि एकदा खांदा बदलला की तो परत येत नाही, अशी रीत. मुंबईचा चुलतभाऊ आधीच नवं धोतर घेऊन ठेवून होता, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं.

डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून शांतपणे सांगितलं, "ह्या पायावर पालखी घेतलीत तर पाय राहील असं मी म्हणणार नाही. आधी अंगठा जाईल, मग पुढचं."

बाबा म्हणाले, "पाय माझा हाय, डॉक्टर. मान माझा नाय, घराचा हाय. पाय गेला तर मी एकटा लंगडा होईन."

मी तिथेच चिडले, रडले, बाबांना नको ते बोलले. आईने तर देवीलाच बोल लावला. सिस्टर गॉज घड्या करत उभ्या होत्या. त्यांनी बाबांना एका शब्दाने अडवलं नाही. गुरवकाकांना म्हणाल्या, "देवीला विचारलं का?"

"काय विचारायचं?"

"चपला घालून चालेल का ते. तुमच्याकडे कौल लावतात ना? मग मी आणि डॉक्टर इथे बसून काय ठरवणार?"

गुरवकाकांना हे एकदम पटलं. कौल म्हणजे देवीच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गावची भांडणं, सोयरिकी, विहिरीची जागा, सगळं आमच्याकडे असंच ठरत आलं आहे. रविवारी गाव जमला. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "मानकरी पायात वहाण घालून खांदा देतो म्हणतोय, मान्य असेल तर उजवी दे." त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, डावी कळी टपकन पडली. देवीला विचारही करावा लागला नाही.

बाबा उठले, घरी गेले आणि कपाटातलं धोतर काढून त्याला इस्त्री करायला बसले.

पट्टीच्या दिवशी गुरवकाका बाबांपेक्षा जास्त पडलेल्या चेहऱ्याने आत आले आणि झालं ते सांगितलं. मला वाटलं, आता सिस्टर हात टेकणार. त्या उलट खुदकन हसल्या.

"बरोबरच सांगितलं की तिने. माझाच प्रश्न चुकला. सगळा जन्म चपला चपला करून मी पण चपलेतच अडकले." त्यांनी बाबांचा पाय उशीवर ठेवला आणि पट्टी सोडू लागल्या. "काका, मला नीट सांगा. ह्यांचा मान नक्की कशाचा आहे?"

"पहिल्या खांद्याचा."

"नाचण्याचा नाही?"

"नाचतात सगळेच. पण मान खांद्याचा."

"चालण्याचा?"

"चालतात पण सगळेच. मान खांदा लावण्याचा. त्यांचा खांदा लागल्याशिवाय पालखी हलत नाय."

"म्हणजे देवी खांदा मागते. पाय मागत नाही ना? मग पाय कशाला मधे आणताय? बसून खांदा द्या."

गुरवकाकांनी आधी बाबांकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "सिष्टर, बसल्या माणसाला खांदा लावायचा तर पालखी खाली वाकवायला लागेल. ती आजवर कुणापुढे वाकली नाय."

"मला कशाला सांगता? तिला विचारा."

दुसऱ्यांदा कौल लावला तेव्हा देवळात पहिल्यापेक्षा दुप्पट गर्दी. मी बायकांत आईचा हात धरून बसले होते. गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला, आणि काहीच झालं नाही. दोन्ही कळ्या जागच्या जागी. गुरवकाकांच्या पाठीवर घाम उतरत होता. बाबा डोळे मिटून, पाय लांब करून बसले होते, पायात ती हळदकुंकू लावलेली चप्पल नाही, नुसती पांढरी पट्टी. मला त्या क्षणी देवीचा फार राग आला. आणि मग उजवी कळी सुटली, मूर्तीच्या खांद्यावरून घरंगळली आणि पायाशी पडली. ढोल कुणी वाजवला ठाऊक नाही, पण वाजला. मी हमसून हमसून रडले, आणि माझ्या बाजूची आत्या मला उगी म्हणताना स्वतःच रडत होती.

शिमग्याला सिस्टर आल्या. बाबांना देवळाच्या पायरीपासून आत अनवाणी चालू द्यायचं नव्हतं, म्हणून पाटावर बसवून चौघांनी उचललं. पाटाचा एक कोपरा नव्या धोतरातल्या चुलतभावाने धरला होता, आणि मान खेचायला आला म्हणून मी ज्याच्यावर डूख धरून होते तोच मुंबईकर "काका, सांभाळून" म्हणत सगळ्यांत जपून चालत होता. "आज आधी मानकऱ्याचीच पालखी!" कुणीतरी ओरडलं आणि गाव हसला. देवळाच्या अंगणात पाट टेकवला, पायाखाली मी शिवलेली उशी दिली. मग ढोल थांबले. भोयांनी पालखी खांद्याला न लावता हातांवरच आणली, बाबांसमोर उभी केली आणि गुडघे वाकवून सगळ्यांनी मिळून ती खाली, आणखी खाली घेतली, देवीचं चांदीचं रूप बाबांच्या डोळ्यांसमोर येईपर्यंत. मग दांडा वळवून त्यांच्या खांद्याला टेकवला. बाबांनी दोन्ही हातांनी तो धरला. पालखी हलली.

नंतर ती नाचवली दुसऱ्यांनी, कातळावरून नेली दुसऱ्यांनी. बाबा पाटावरच बसून होते. सिस्टर त्यांच्यापाशी वाकल्या, पट्टी ओली झाली नाही ना ते बघायला.

"सिष्टर," बाबा म्हणाले, "इतकी वर्षं मी तिला खांद्यावर घेतली. खांद्यावर घेणाऱ्याला तिचं तोंड दिसत नाय. आज बघितलं."

सिस्टरांनी पट्टीची गाठ नीट केली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर त्या पालखीकडे पाठ करून उभ्या होत्या आणि नाचणाऱ्यांचे पाय बघत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बाकावर आमच्या गावचे इतके पुरुष तळवे भाजून बसले होते की नाट्याच्या मावशींना उभं राहावं लागलं. शिकवायला बाबा होतेच.

पाडव्यानंतर जखम भरली. सिस्टरांनी सवयीने प्लॅस्टिक धरलं आणि आखायला काही नव्हतं. बाबा दारात उभे राहिले. पायात चपला होत्या. एकदा चपलांकडे, एकदा बाकाकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "जातो." मागून हाक आली, "परत येऊ नको गो!" आणि एसटीत बसल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पाय वाचला ता बरा झाला, पण माणसाकडून असं जायचं नसतं गो बाय."

सिस्टर आता निवृत्त होऊन मंडणगडकडे राहतात. आमच्याकडे बसून खांदा देणं अजून चालू आहे. पाय धड असूनही बाबा उभ्याने देत नाहीत. तिचं तोंड बघायचं असतं त्यांना. मुंबईहून येणारी पोरं मोबाइलवर ते टिपतात आणि ही आमच्या गावची फार पुरातन प्रथा आहे, असं पाहुण्यांना समजावून सांगतात. गुरवकाकाही खाकरून मान डोलावतात.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या शिमग्याला सिस्टर आमच्या घरी आल्या तेव्हा पायरीशी वाकून त्यांनी चपलेला हात घातला, तर आतून आई ओरडली, "चपला घालून आत या!" त्या तशाच आत आल्या, देव्हाऱ्यासमोरून. संध्याकाळी पालखी आमच्या अंगणातून पुढे गेली, त्यांच्या एसटीची वेळ झाली. बाबांनी खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय उचलून तळवा दाखवला, त्यांनी वाकून अंगठ्याच्या मुळाशी बोट फिरवलं आणि मान हलवली. सगळं बरं होतं. त्या अंगणात उतरल्या तेव्हा बाबा मागून मोठ्याने म्हणाले, "सिष्टर, पाय भरला माझा. आता तुमची पाळी. जाते म्हणा बघू!"

सिस्टर थांबल्या. मागे वळून त्यांनी आमच्या सगळ्यांकडे बघितलं, पायांकडे नाही, तोंडांकडे.

"येते," त्या म्हणाल्या.